गॅरी किल्डॉल : वेळ हुकली, वाट मात्र जगाने धरली

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या अमेरिकेतील बलाढ्य कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर न्यूयॉर्कमध्ये जाहीर केला. संगणकाच्या इतिहासात हा दिवस ठळकपणे नोंदला गेला आहे. मात्र त्या दिवशीच्या घोषणेतील एक तपशील सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. या यंत्रासाठी एक नव्हे, तर तीन ऑपरेटिंग सिस्टीम मिळतील, असे कंपनीने सांगितले होते. त्यांपैकी मायक्रोसॉफ्टची डॉस यंत्रासोबतच ग्राहकांच्या हाती पडली. दुसरे नाव होते सीपी/एम-८६. छोट्या संगणकांच्या जगावर तोवर जिचे राज्य होते, त्या सीपी/एमचीच ही पुढची आवृत्ती. पण ती दुकानांत पोचायला १९८२ साल उजाडले. मधल्या काही महिन्यांत बाजाराने आपला कौल देऊन टाकला होता.

सीपी/एमचे निर्माते डॉ. गॅरी किल्डॉल यांचे नाव आज संगणक वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना ठाऊक नाही. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांच्यापैकी अनेकांना केवळ एक आख्यायिका माहीत असते. आयबीएमचे अधिकारी दारात उभे असताना हे गृहस्थ विमान उडवायला निघून गेले आणि अब्जावधी डॉलरची संधी घालवून बसले, अशी ती आख्यायिका. ती रंजक असल्यामुळे टिकली, पण तिने एका असामान्य बुद्धीच्या माणसावर मोठा अन्याय केला आहे. किल्डॉल मागे पडले ते एका दिवसाच्या गैरहजेरीमुळे नव्हे. जाहीर केलेले सॉफ्टवेअर वेळेवर पोचले नाही, तर त्याची रिकामी जागा दुसरा कुणीतरी भरतो, या व्यवहारातील साध्या नियमाचे ते बळी ठरले. हा नियम त्यांच्या आयुष्यात एकदाच नव्हे, तर पुन्हा पुन्हा आडवा आला.

दर्यावर्दी घराण्यातील गणिती

गॅरी आर्लेन किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल शहरात झाला. घराण्याचा वारसा समुद्राचा. त्यांच्या आजोबांनी सिएटलमध्ये नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा काढली होती आणि वडीलही तीच चालवत. शाळेतील अभ्यासापेक्षा यंत्रे उघडून पाहण्यात आणि मोटारी दुरुस्त करण्यात रमणाऱ्या या मुलाला गणिताची गोडी मात्र मनापासून होती. गणिताचा शिक्षक व्हावे, एवढीच माफक महत्त्वाकांक्षा घेऊन तो युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये दाखल झाला. १९६३ मध्ये शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅकएवेन हिच्याशी त्याचा विवाह झाला.

विद्यापीठात संगणकाशी गाठ पडली आणि आयुष्याची दिशा बदलली. रात्र रात्र जागून प्रोग्रॅम लिहिण्याची सवय त्यांना इथेच लागली. तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता आणि सक्तीच्या लष्करी सेवेतून तरुणांची सुटका नव्हती. किल्डॉल यांना नौदलाने कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवण्याचे काम दिले. सागरकिनाऱ्यावरचे ते निवांत गाव त्यांना इतके मानवले, की नोकरीची मुदत संपल्यावरही ते तिथेच शिकवत राहिले. शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह या टुमदार गावी त्यांनी घर केले. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध, प्रोग्रॅमची छाननी करून तो अधिक वेगवान कसा करावा, यासंबंधी होता. त्यात मांडलेली पद्धत कंपायलर शास्त्राच्या अभ्यासक्रमात आजही त्यांच्या नावाने शिकवली जाते. किल्डॉल यांनी दुसरे काहीही केले नसते, तरी एवढ्या एका निबंधावर त्यांचे नाव शास्त्रात राहिले असते.

अवजारांच्या खोलीतील क्रांती

याच सुमारास इंटेल कंपनीने ४००४ हा आपला पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला होता. बहुतेक संगणकतज्ज्ञांच्या लेखी तो एक क्षुल्लक भाग होता. वाहतुकीचे दिवे नाहीतर कॅल्क्युलेटर चालवण्यापलीकडे त्याचा उपयोग काय, असे मानले जाई. किल्डॉल यांना मात्र त्यात एक संपूर्ण संगणक दिसला. त्यांनी ती चिप मिळवली. तिच्याभोवती यंत्र उभारण्याआधीच शाळेच्या मोठ्या संगणकावर तिची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि नौकानयनाला लागणारी त्रिकोणमितीची गणिते तिच्याकडून करून घेण्याचा खटाटोप सुरू केला. समुद्राचा वारसा असा वेगळ्या वाटेने प्रकट होत होता.

इंटेलने त्यांना आठवड्यातून एक दिवस सल्लागार म्हणून बोलावले. मोबदल्याचा मोठा भाग यंत्रांच्या रूपात मिळे. या यंत्रांसाठी त्यांनी पीएल/एम ही भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी लिहिलेली ही पहिली उच्चस्तरीय संगणकभाषा. त्यापूर्वी या चिपशी बोलायचे, तर आकड्यांच्या किचकट सूचना हाताने लिहाव्या लागत.

पण एक अडचण होती. प्रोग्रॅम साठवायचा कुठे? तोवर कागदी फितीला भोके पाडून माहिती साठवली जात असे. हे काम संथ आणि कंटाळवाणे होते. फ्लॉपी डिस्क नुकतीच आली होती. शुगार्ट कंपनीचा एक वापरून झालेला फ्लॉपी ड्राइव्ह किल्डॉल यांना मिळाला, पण तो संगणकाला जोडणारे सर्किट त्यांना काही केल्या साधेना. अखेर विद्यापीठातील मित्र जॉन टोरोड यांनी ते बनवून दिले. डिस्कवरच्या फाइली शोधणे, उघडणे, लिहिणे, पुसणे ही कामे सांभाळणारा प्रोग्रॅम किल्डॉल यांनी आधीच लिहून ठेवला होता. १९७४ च्या उत्तरार्धात पॅसिफिक ग्रोव्ह येथील घरामागच्या अवजारांच्या खोलीत तो प्रथम सुरळीत चालला. तीच सीपी/एम, अर्थात कंट्रोल प्रोग्रॅम फॉर मायक्रोकॉम्प्युटर्स.

इंटेलला हे सॉफ्टवेअर विकत घेण्यात रस नव्हता. मग किल्डॉल दांपत्याने स्वतःच ते विकायचे ठरवले. कंपनीला त्यांनी गमतीने इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च असे नाव दिले. पुढे त्यातील आकाशगंगा गळाली आणि डिजिटल रिसर्च एवढेच उरले. व्यवहाराची सूत्रे डोरोथी यांच्याकडे होती. मासिकांतून जाहिरात यायची, टपालाने मागण्या यायच्या आणि ७० डॉलरला एक प्रत रवाना व्हायची.

खरी झेप १९७७ मध्ये आली. आयएमएसएआय या संगणक कंपनीने २५,००० डॉलर एकरकमी देऊन सीपी/एमचा परवाना घेतला. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची घडण वेगळी असल्यामुळे दरवेळी संपूर्ण प्रणाली नव्याने जुळवून घ्यावी लागे. हा त्रास वाचवण्यासाठी किल्डॉल यांनी प्रणालीचे दोन भाग केले. यंत्रावर अवलंबून असलेल्या सूचना एका छोट्या भागात वेगळ्या काढल्या आणि त्याला बायोस असे नाव दिले. उरलेली सगळी प्रणाली कोणत्याही यंत्रावर जशीच्या तशी चालू लागली. नवा संगणक बनवणाऱ्याने फक्त तो छोटा भाग लिहायचा, की सीपी/एमवर चालणारे सारे प्रोग्रॅम त्याला आयते मिळत.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या या युक्तीतून एक नवा उद्योग जन्माला आला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आता यंत्र कुणाचे आहे, याची फिकीर उरली नाही. भारतातही संगणकवर्गांतून एका संपूर्ण पिढीने गिरवलेले वर्डस्टार आणि डीबेस हे दोन्ही प्रोग्रॅम मुळात सीपी/एमवरचे. १९८१ पर्यंत सुमारे ३,००० निरनिराळ्या संगणकांवर सीपी/एम चालत होती आणि डिजिटल रिसर्चची वार्षिक उलाढाल ५४ लाख डॉलरवर गेली होती. खुद्द मायक्रोसॉफ्टही तिच्या ग्राहकांत होती. ॲपल-२ संगणकात बसणारे सॉफ्टकार्ड मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये विकायला काढले. त्यासोबत दिली जाणारी सीपी/एम डिजिटल रिसर्चकडून परवान्यावर घेतलेली होती.

वाट पाहून थकलेला प्रतिस्पर्धी

इंटेलने १९७८ मध्ये ८०८६ हा १६ बिटचा प्रोसेसर आणला. सीपी/एम होती ८ बिटच्या चिपसाठी. नव्या चिपसाठी सीपी/एम-८६ येणार, हे उघड होते आणि १९७९ च्या अखेरीस ती मिळेल अशी अपेक्षा होती. पण ती आली नाही. या काळात किल्डॉल यांचा जीव पीएल/वन या भाषेचा कंपायलर छोट्या संगणकावर आणण्याच्या अवघड कामात गुंतला होता. संशोधकाच्या दृष्टीने ते आव्हान मोठे होते. बाजाराची निकड मात्र वेगळी होती.

सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीला या दिरंगाईची थेट झळ बसली. तिने ८०८६ वर चालणारा संगणक तयार करून विक्रीला ठेवला होता, पण त्यावर चालवायला ऑपरेटिंग सिस्टीमच नव्हती. सीपी/एम-८६ ची वाट पाहून कंपनी थकली. अखेर टिम पॅटरसन या तिच्या तरुण अभियंत्याने १९८० च्या एप्रिलमध्ये स्वतःच एक प्रणाली लिहायला घेतली. घाईत उरकलेले कामचलाऊ काम, अशा अर्थाचे क्यूडॉस हे नाव त्यानेच तिला दिले. सीपी/एमवरचे जुने प्रोग्रॅम सहज नव्या यंत्रावर आणता यावेत, म्हणून त्याने सीपी/एमची माहितीपुस्तिका समोर ठेवून तिच्याच पद्धतीच्या आज्ञा आणि कार्ये घेतली. डिस्कवर फाइली मांडण्याची रीत मात्र त्याने मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधून घेतली. ऑगस्ट १९८० मध्ये क्यूडॉस विक्रीला आली. ती मुळात सीपी/एम-८६ येईपर्यंतची पर्यायी व्यवस्था होती.

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडात, आयबीएमचे एक पथक त्याच उन्हाळ्यात गुप्तपणे पर्सनल कॉम्प्युटरची जुळवाजुळव करत होते. सीपी/एम मायक्रोसॉफ्टचीच आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. बिल गेट्स यांनी ती दूर केली आणि त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवले.

आख्यायिकेचा जन्म झाला तो इथे. त्या दिवशी सकाळी किल्डॉल आपले छोटे विमान घेऊन बाहेरगावी गेले होते, हे खरे आहे. पण ते मौजेसाठी नव्हे, तर बिल गॉडबाउट या संगणक उत्पादकाशी असलेल्या कामासाठी. परवान्यांच्या वाटाघाटी डोरोथीच करत असत, त्यामुळे आयबीएमच्या लोकांना त्या भेटल्या, यात वावगे काहीच नव्हते. आयबीएमने गोपनीयतेचा एक एकतर्फी करार पुढे केला. सही करण्यापूर्वी डोरोथी यांनी वकिलांचा सल्ला घेतला आणि सही लांबणीवर पडली. दुपारपर्यंत किल्डॉल परतले. त्यानंतर त्यांची आयबीएमशी काय बोलणी झाली, याबाबत दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत. प्रत्येक प्रतीमागे मानधन घेण्याची डिजिटल रिसर्चची रीत आणि एकदाच रक्कम देऊन मोकळे होण्याची आयबीएमची इच्छा यांचा मेळ बसला नाही, हे मात्र स्पष्ट आहे.

सीपी/एम-८६ त्या वेळी तयार असती, तर आयबीएमला फार पर्याय नव्हता. पण ती तयार नव्हती आणि सिएटलमध्ये तिची कामचलाऊ बदली मात्र तयार होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला. मग जुलै १९८१ मध्ये, आयबीएमच्या घोषणेच्या काही दिवस आधी, ५०,००० डॉलर देऊन तिचे सर्व हक्क विकत घेतले. क्यूडॉसची डॉस झाली.

चाळीस विरुद्ध दोनशे चाळीस

आयबीएमच्या यंत्रावरील डॉस पाहून किल्डॉल यांना धक्का बसला. आज्ञा, कार्ये, फाइलच्या नावाची आठ आणि तीन अक्षरांची रचना, सारे ओळखीचे होते. त्यांनी वकिलांशी चर्चा केली. परंतु सॉफ्टवेअरला कॉपीराइटचे संरक्षण देणारी स्पष्ट तरतूद अमेरिकी कायद्यात नुकतीच, १९८० मध्ये झाली होती. प्रोग्रॅमचा प्रत्यक्ष मजकूर न उचलता केवळ त्याची ठेवण घेतली, तर तो गुन्हा होतो का, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने केलेला नव्हता. आयबीएमसारख्या कंपनीशी वर्षानुवर्षे झगडण्याचे बळ छोट्या कंपनीकडे कुठून असणार? तडजोड झाली. किल्डॉल यांनी दावा करायचा नाही आणि त्या बदल्यात आयबीएमने सीपी/एम-८६ ही आपल्या यंत्रासाठी विकायची, असे ठरले. ऑगस्टमधील घोषणेत सीपी/एमचे नाव आले ते या पार्श्वभूमीवर.

किल्डॉल यांना वाटले, दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवल्या, की ग्राहक जाणती प्रणालीच निवडतील. दुकानात मात्र चित्र निराळे दिसले. डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. त्यातही सहापट महाग असलेली ही प्रणाली कित्येक महिने नुसतीच जाहीर झालेली होती. तोवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी डॉसचा रस्ता धरला आणि प्रोग्रॅम जिथे, तिथे ग्राहक. पुढे डिजिटल रिसर्चने किंमत उतरवली, पण तेव्हा फार उशीर झाला होता.

डॉस ही सीपी/एमची चोरी होती का, हा वाद मात्र किल्डॉल यांच्यानंतरही धुमसत राहिला. २००४ मध्ये ब्रिटिश पत्रकार हॅरोल्ड इव्हान्स यांनी आपल्या ग्रंथात किल्डॉल यांची बाजू मांडली. त्यावर पॅटरसन यांनी बदनामीचा दावा लावला. न्यायालयाने तो २००७ मध्ये फेटाळला. २०१२ मध्ये एका तज्ज्ञाने दोन्ही प्रणाली ताडून पाहिल्या, तेव्हा मजकूर उचलल्याचा पुरावा त्याला आढळला नाही. वापरायची ठेवण सीपी/एमची आणि आतले लिखाण पॅटरसन यांचे, असाच निष्कर्ष निघतो. कायद्याने ही चोरी नव्हती. पण मूळ कल्पना कुणाची, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बदलत नाही.

अटारीच्या घरगुती संगणकाचे प्रकरण

या पराभवाने किल्डॉल संपले, असे समजणे चुकीचे ठरेल. एकाच वेळी अनेक कामे करणारी कॉन्करंट सीपी/एम त्यांच्या कंपनीने डॉसला ते जमण्याच्या कितीतरी आधी आणली. चित्रे आणि माउसच्या साह्याने संगणक चालवू देणारी जेम ही प्रणाली नोव्हेंबर १९८४ मध्ये लोकांसमोर आली आणि १९८५ च्या सुरुवातीला विक्रीला लागली. मायक्रोसॉफ्टची विंडोज त्या वेळी जाहीर झाली होती, पण बाजारात यायची होती.

त्याच सुमारास डिजिटल रिसर्चला घरगुती संगणकाच्या क्षेत्रात शिरण्याची मोठी संधी मिळाली. कमोडोर सोडून आलेल्या जॅक ट्रॅमियल यांनी जुलै १९८४ मध्ये अटारीचा घरगुती संगणकांचा व्यवसाय ताब्यात घेतला होता. सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असा, तरीही ॲपलच्या मॅकिंटॉशशी स्पर्धा करील असा संगणक त्यांना अवघ्या वर्षभरात आणायचा होता. त्याच्या पडद्यावर जेम दिसणार आणि तिच्या खाली सीपी/एम-६८के चालणार, अशी मूळ योजना होती. अटारीचे अभियंते माँटेरेला मुक्काम ठोकून कामाला लागले.

मात्र १९८५ च्या सुरुवातीलाच हा बेत बदलला. सीपी/एमच्या या आवृत्तीत फाइली एकात एक कप्पे करून ठेवण्याची सोय नव्हती आणि मोठ्या डिस्कचा जमाना समोर दिसत होता. डिजिटल रिसर्चमध्येच जेमडॉस नावाची नवी प्रणाली आकाराला येत होती, तिची निवड झाली. जेमडॉसची कार्ये डॉसच्या वळणाची आणि डिस्कची मांडणीही डॉससारखीच. ज्या प्रणालीने सीपी/एमला बाजारातून हुसकावले, तिचाच साचा आता सीपी/एमच्या माहेरघरात वापरला जात होता. अटारी एसटी १९८५ च्या मध्यावर घराघरांत जाऊ लागला, विशेषतः युरोपात तो चांगला रुजला. सीपी/एम मात्र अटारीची प्रणाली म्हणून त्या यंत्रावर कधीच आली नाही.

जपानमधून निघालेल्या एमएसएक्स या घरगुती संगणकांच्या मालिकेतही असाच योग जुळून आला. तिच्यासाठी १९८४ मध्ये आलेली एमएसएक्स-डॉस लिहिली होती टिम पॅटरसन यांनीच. डिस्कची मांडणी डॉसची आणि प्रोग्रॅम मात्र सीपी/एमचे चालणार, अशी तिची रचना होती. किल्डॉल यांची वाट घरोघरी पोचत होती, फक्त त्यांच्या नावाची पाटी गळून पडली होती.

जेमच्या वाट्यालाही सुख आले नाही. आपल्या मॅकिंटॉशशी तिचे साम्य फार आहे, असा आक्षेप ॲपलने घेतला. सप्टेंबर १९८५ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार पीसीवरील जेममधून सरकत्या खिडक्या आणि कचऱ्याची टोपली काढून टाकावी लागली. स्वतःच्या प्रणालीची ठेवण उचलली गेली, तेव्हा किल्डॉल यांना कायद्याचा आधार मिळाला नव्हता. चार वर्षांनी दुसऱ्याच्या ठेवणीबद्दल त्यांच्याच कंपनीला माघार घ्यावी लागली.

घोषणेचे दुधारी शस्त्र

१९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डीआर-डॉस आणून मायक्रोसॉफ्टला तिच्याच मैदानात आव्हान दिले. १९९० मध्ये आलेली तिची पाचवी आवृत्ती इतकी सरस होती, की जाणकारांनी तिचे मोकळ्या मनाने स्वागत केले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपलीही पाचवी आवृत्ती लवकरच येत असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात ती जून १९९१ मध्ये आली. ग्राहकांनी डीआर-डॉसकडे वळू नये म्हणूनच ही घोषणा आधी केली गेली, असा आरोप पुढे न्यायालयात झाला. डीआर-डॉसची मालकी ज्या काल्डेरा कंपनीकडे गेली, तिने १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध दावा लावला. जानेवारी २००० मध्ये त्यात तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने त्यापोटी २८ कोटी डॉलर मोजले होते, हे कित्येक वर्षांनी उघड झाले.

न आलेल्या सॉफ्टवेअरची घोषणा हे असे दुधारी शस्त्र आहे. ज्याच्या हाती बाजार आहे, त्याची घोषणा ग्राहकाला थांबवून ठेवते. ज्याच्या हातून बाजार निसटू लागला आहे, त्याची घोषणा ग्राहकाला दुसरीकडे पाठवते. किल्डॉल यांनी या शस्त्राच्या दोन्ही धारा सोसल्या.

खुद्द किल्डॉल यांचे मन तोवर कंपनीच्या कारभारातून उडाले होते. कंपनी चालवणे हा त्यांचा पिंड नव्हता. नवे काही सुचले, की ते त्यात बुडून जात. लेसर तबकडीवर अफाट माहिती साठवता येते, हे लक्षात येताच त्यांनी त्यासाठी वेगळी कंपनी काढली. १९८५ मध्ये ग्रोलियरचा अनेक खंडांचा ज्ञानकोश एका सीडी-रॉमवर आला, तो तिच्या प्रयत्नांतून. सीडी-रॉमवरील ज्ञानकोशाचा हा पहिलाच प्रयोग. कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या दूरचित्रवाणी मालिकेचे ते १९९० पर्यंत सहनिवेदक होते. प्रतिस्पर्ध्यांच्या उत्पादनांबद्दलही तिथे ते निर्मळ कुतूहलाने प्रश्न विचारत. आपल्याजवळचे ज्ञान वाटून टाकण्याची प्राध्यापकी वृत्ती त्यांनी कधीच सोडली नाही. त्यांचा विद्यार्थी गॉर्डन युबँक्स पुढे सिमँटेक या मोठ्या कंपनीचा प्रमुख झाला.

उत्तरायुष्यातील कडवटपणा

१९९१ मध्ये नॉव्हेल कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली. किल्डॉल यांना पैशाची ददात नव्हती. विमाने होती, वेगवान मोटारी होत्या, टेक्सासमध्ये प्रशस्त घर होते. पण डोरोथी यांच्याशी झालेल्या घटस्फोटाला तोवर बरीच वर्षे झाली होती आणि जिथे जावे तिथे विमानाची ती गोष्ट आधीच पोचलेली असे. दरवेळी खुलासा करून ते थकले.

१९९२ मध्ये त्यांच्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाने वर्धापनदिनाचा समारंभ आखला. तिथे मुख्य वक्ते होते बिल गेट्स. हार्वर्डमधील शिक्षण अर्धवट सोडलेल्या गेट्स यांना व्यासपीठ आणि त्याच विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेल्या किल्डॉल यांना श्रोत्यांत बसण्याचे निमंत्रण, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या आणि काही मोजक्या आप्तमित्रांना त्यांच्या प्रती दिल्या. ते पुस्तक त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. त्याचा पहिला भाग त्यांच्या मुलांच्या संमतीने कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१६ मध्ये खुला केला. नंतरच्या भागावर वडिलांच्या मद्यासक्तीची छाया असल्याने तो रोखून ठेवल्याचे कुटुंबीयांनी प्रांजळपणे सांगितले.

जुलै १९९४ मध्ये माँटेरे येथील एका मद्यालयात किल्डॉल यांच्या डोक्याला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी, त्यांचा मृत्यू झाला. वय होते अवघे ५२ वर्षे. सिएटलमध्येच त्यांचे दफन झाले.

उशिरा मिळालेला न्याय

मृत्यूनंतर आठ महिन्यांनी अमेरिकेतील सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या संघटनेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. एप्रिल २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथील डिजिटल रिसर्चच्या जुन्या कचेरीसमोर आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने स्मृतिफलक बसवला. तिथे सीपी/एमचा गौरव झाला, तो यंत्र आणि प्रोग्रॅम यांना एकमेकांच्या बंधनातून मोकळे करणारी प्रणाली म्हणून. त्याच वर्षी सीपी/एमच्या जुन्या आवृत्त्यांचे मूळ लिखाणही अभ्यासकांसाठी खुले झाले.

यश मोजण्याची बाजाराची पट्टी एकच असते आणि तिच्यावर किल्डॉल उणे ठरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मालमत्ता जपण्यापेक्षा नवे काही शोधणे त्यांना अधिक मोलाचे वाटले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. पण त्यांना हरवणाऱ्यांनाही त्यांच्याच रस्त्याने जावे लागले. यंत्र कुणाचेही असो, त्यावर तेच सॉफ्टवेअर चालले पाहिजे, ही कल्पना जगाला त्यांनी दिली. त्या कल्पनेवर पुढे मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. बायोस हा शब्द त्यांचा. डिस्कला ए, बी, सी अशी अक्षरे देण्याची रीत छोट्या संगणकांवर रुजली, तीही त्यांच्या प्रणालीतून. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत विंडोजच्या संगणकावर काम करणारा कर्मचारी आपली फाइल सी ड्राइव्हमध्ये ठेवतो, तेव्हा अवजारांच्या त्या छोट्या खोलीत १९७४ मध्ये सुरू झालेल्या वाटेवरूनच तो चालत असतो.